हातात दिलेलं पाणी

पाणी तापायला लागलं की नाना पातेल्याजवळ कान न्यायचे आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. "खळखळ आली का? नुसत्या वाफेवर भुलायचं नाही." दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर उभं आयुष्य काढलेला माणूस. पाण्याच्या बाबतीत त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. असा एखादा माणूस तुमच्याही कॉलनीत असेल.

आमच्या कॉलनीतल्या बौद्ध कुटुंबांची श्रीलंकेची सहल ठरली तेव्हा सगळ्यांच्या तब्येतीची जबाबदारी आपोआप नानांकडे गेली. मद्रासपर्यंत रेल्वेत आणि पुढे विमानातही त्यांनी आपलं काळं पडलेलं पातेलं सोडलं नाही. तिकडे बर्फ बंद, कापून ठेवलेली फळं बंद. केळं चालेल, कारण ते आपलं आपण सोलता येतं. माझी आई पारोळ्याकडची. ती म्हणायची, "नाना, शहाळं बी उकाळी लेवानं का?" बसभर हशा व्हायचा. नानाही हसायचे आणि रुमालाने शहाळ्याचं तोंड पुसायचे.

आईला त्या सहलीतून एकच गोष्ट हवी होती, अनुराधापूरचा बोधिवृक्ष. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, असं ती घरून निघतानाच म्हणाली होती.

अनुराधापूरला जाताना एका खेड्यात बस पंक्चर झाली. आमचे पांढरे कपडे बघून समोरच्या घरातली बाई तबकात पाण्याचे ग्लास घेऊन आली. आम्ही बुद्धाच्या देशातून आलोय, हे ड्रायव्हरने तिला सांगितलं असावं. तिने पहिला ग्लास नानांसमोर धरला, दोन्ही हातांनी, थोडं वाकून. आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

नानांचं लहानपण बोदवडजवळच्या एका खेड्यात गेलं. तिथे पाणी मागितलं तर लोक वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं. त्या बाईला नानांनी काही विचारलं नाही. ग्लास रिकामा केला आणि मागे वळून आम्हा सगळ्यांना म्हणाले, "घ्या रे बठ्ठे." आई दोन ग्लास प्याली.

दुसऱ्या दिवशी आईला उलट्या-जुलाब सुरू झाले. वाटेतल्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. बस अनुराधापूरला जाऊन परत आली, तरी आई खाटेवरच होती. बाकी कोणाला काही झालं नाही, नानांनाही नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. ते व्हरांड्यात बसून होते. मी म्हटलं होतं, "तुम्ही तरी बसबरोबर जाऊन या." ते म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?"

आई बरी झाली. तिने नानांना कधी बोल लावला नाही. "पानी गोड व्हतं, नाना," एवढंच म्हणायची. पण नाना आमच्या घरी येईनासे झाले. प्यालो आम्ही सगळेच होतो, तरी दोष त्यांच्या एकट्याच्या माथी राहू दिला. तेव्हा ते सोयीचं वाटलं, आता लाज वाटते.

मी एकदा त्यांची समजूत घालायला गेलो. "नाना, चूक कोणाकडूनही होते."

"चूक असती तर पुन्हा करणार नाही, असं म्हटलं असतं," ते म्हणाले. "ती बाई पुन्हा समोर आली तर मी पुन्हा पिईन. म्हणून तर तुझ्या आईसमोर बसवत नाही."

आईचं पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. पुढे ती वारली, आणि काही वर्षांनी नानाही गेले. सहलीतले आम्ही सगळे त्यांच्या घरी भेटायला गेलो. सुनेने पाणी आणलं. ग्लास हातात आले आणि सवयीने आम्ही नानांच्या खुर्चीकडे बघितलं. कोणीच तोंडाला ग्लास लावेना.

सून जरा गोंधळली. "घ्या ना," ती म्हणाली, "उकळलेलंच आहे."