टॉवेलवरचं ‘हाय’

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे, त्याबद्दल माफी. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला सुरुवात करता येत नाही. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही. मशीनवर दोऱ्याने काढलेलं अक्षर मात्र माझं सरळ येतं, कारण ते आधी खडूने उतरवलेलं असतं.

भवानी पेठेतल्या एका कारखान्यात मी टॉवेलांवर नावं भरते. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून वेगळंच काम आलं. इटलीतल्या एका दुकानासाठी टॉवेल हवे होते, आणि त्यांवर नवरा-बायकोने किंवा लग्न ठरलेल्या मुला-मुलीने एकमेकांना लाडाने म्हणायची वाक्यं. ती त्याने इंग्रजीत पाठवली. इटालियन आमचं आम्ही करायचं. ते काम मालकांच्या सुनेकडे, म्हणजे वहिनीकडे आलं. तिने मोबाइलवर भाषा बदलायची आणि मी भरायचं.

मला इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, अर्थ कळत नाही. म्हणून प्रत्येक वाक्याला मी विचारायची. मालक पलीकडे गठ्ठे बांधत असायचे, त्यामुळे वहिनी लाजून कानाशी येऊन सांगायची.

“तू गरम हायस.”

“कुणाला ताप आलाय?”

“न्हाय ओ मावशी. म्हंजे लई देखणा हायस.”

“मग गरम कशाला? आपल्यात गरम म्हंजे तापट.”

“तिकडं थंडी आसती. गरम चांगलं वाटत आसंल.”

हे मला पटलं.

मोबाइलने त्या वाक्याची दोन-तीन रूपं दाखवली. मी सगळ्यांत लहान होतं त्यावर बोट ठेवलं, दोरा कमी लागतो म्हणून. वहिनीने वाचलं, “हाय काल्दो.”

“हाय? हे तर आपलंच की,” मी म्हटलं. आम्ही इतक्या हसलो की मालकांनी मान वर केली. तेच ठरलं, आणि नमुना न दाखवता आम्ही त्या वाक्याचे सगळे टॉवेल भरूनही टाकले.

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना विचारलं, “तुमी मला कदी चांगलं म्हणलाय का?” हे सांगोल्याकडचे, बोलणं मोजकं. थोडा विचार केला.

“परवा म्हणलो की, कालवण झ्याक झालंय.”

“ते कालवणाला.”

“मग कालवण कुणी केलं हुतं?”

मी त्यांना आणखी एक पळी कालवण वाढलं.

टॉवेलांचे फोटो इटलीला गेले आणि तिथल्या दुकानदार बाईंचं उत्तर आलं. आम्ही भरलं होतं त्याचा अर्थ होता, ‘तुला उकडतंय’. शिवाय ते हायसुद्धा नव्हतं. तिकडे ह लिहितात पण म्हणत नाहीत, आय म्हणतात. मालक म्हणाले, “नवऱ्याला उकडतंय हे सांगायला टावेल कोण घील?” वहिनीने सांगून पाहिलं, “मामंजी, मी वाचलं, चूक माजी.” पण निम्मं नुकसान तिच्यावर आणि निम्मं माझ्या शनिवारच्या हप्त्यातून, असं त्यांनी ठरवलं. ते माझे चष्म्याचे पैसे होते. नवी पेठेत फ्रेम पसंत करून ठेवली होती. सुईत दोरा ओवायला मी शेजारच्या मशीनवरच्या बाईला सारखी हाक मारत होते, ते आता तसंच चालणार होतं. मी मशीनवर जाऊन बसले.

पण डोक्यातून एक जाईना. मी वहिनीला म्हटलं, “मग तिकडं काय म्हणत्यात, ते तरी इचारा.”

तिने मोबाइलवरून त्या दुकानदार बाईंना विचारलं. देखण्या माणसाला तिकडे ‘तू म्हणजे धडक आहेस’ म्हणतात, गाडीची बसते तशी. प्रेमात पडलेली मुलगी ‘मी शिजले’ म्हणते. मग मला वाटलं, आपण ‘लई भारी’ म्हणतो, म्हणजे वजनदारच की. ते चालेल का? वहिनीने तेही विचारलं. बाईंनी कळवलं, नको, वजनदार म्हटलं की तिकडे कटकट्या माणूस समजतात. किती दिवस मी सूत गुंडाळताना ह्याचाच विचार करत होते. धडक चालते, शिजलेलं चालतं, वजन चालत नाही.

हे विचारता विचारता वहिनीने आमच्या हायची गोष्टही त्या बाईंना सांगितली होती. त्यांना ती फार आवडली. उन्हाळ्यात तिकडेही उकडतं, घाम पुसायच्या टॉवेलवर तेच लिहिलेलं काय वाईट, असं म्हणून त्यांनी सगळा माल मागवून घेतला.

त्यांचे पैसे आल्यावरच्या शनिवारी मालकांनी हप्त्याबरोबर माझे कापलेले पैसेही हातावर ठेवले.

“मोजून घ्या बाई. समदं हाय.”

वहिनी समोरच उभी होती. हसू फुटेल म्हणून आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. मी मान खाली घालून पैसे मोजले. पुरे होते.