टेकडीवरच्या गेरूच्या खुणा

माझ्या नवऱ्याचं कोपर ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं जबलपुरातल्या निम्म्या लोकांना वाटतं. ह्यांना काचबिंदू झाल्यापासून नेपियर टाउनच्या रस्त्यावर उतरलं की कोणीतरी येतं, कोपर धरतं, “चलो अंकलजी” म्हणतं आणि रस्ता पार करून देतं. ह्यांना रस्ता पार करायचा आहे की नाही, हे विचारायची पद्धत नाही. एकदा तर भाजीवाल्यापाशी उभे असताना एकाने पलीकडे नेऊन सोडलं. मी पिशवी घेऊन इकडे, हे तिकडे.

ह्यांना अजिबात दिसत नाही असं नाही. कडेचं सगळं गेलं आहे आणि समोर ताटाएवढा एक गोल उरला आहे, तो मात्र स्वच्छ. त्या गोलात जे येईल ते दिसतं. डिफेन्स फॅक्टरीत नकाशे काढण्यात ह्यांची सगळी नोकरी गेली आणि छंद म्हणाल तर एकच, एकट्याने चालायचं. रोज सकाळी घरामागच्या टेकडीवर, ग्रॅनाइटच्या त्या मोठमोठ्या गोल दगडांमधून. सोबत कोणी आलेलं खपत नसे, मीसुद्धा. काचबिंदूने नजरेआधी ते चालणं नेलं. पायवाटा दहा ठिकाणी फुटतात आणि ताटाएवढ्या गोलात फाटा दिसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही नॉर्वेला मुलाकडे गेलो. त्याच्या गावापासून दोन तासांवर डोंगरांचा एक संरक्षित मुलूख आहे. तिथे कठडे नाहीत, सिमेंटच्या पायऱ्या नाहीत, ‘कृपया’ने सुरू होणाऱ्या पाट्या नाहीत. वाटेतल्या दगडांवर तांबड्या रंगात टी हे अक्षर काढलेलं, बस. एका टीपाशी उभं राहिलं की पुढचा टी दिसतो. दलदल असेल तिथे दोन फळ्या टाकलेल्या. मुलगा म्हणाला की हौशी माणसं रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन येतात आणि पुसट झालेले टी पुन्हा रंगवतात. दुसऱ्या कोणी आपली खूण करायची नाही, दगडावर दगडही रचून ठेवायचे नाहीत. धुक्यात माणसं चुकतात.

तिसऱ्या टीपाशी हे थांबले. म्हणाले, “तुम्ही दोघं इथेच बसा.”

मुलगा उठायला लागला तशी मी त्याचं जाकीट धरून खाली बसवलं. “आई, काहून थांबवून राहिलीस? पडले तर?” तो म्हणाला. पडतील तर पडतील, मी म्हटलं, त्यांचे गुडघे आहेत. तोंडाने म्हटलं खरं, पण दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत राहिले. दीड तासाने हे तळ्यापर्यंत जाऊन परत आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि तोंड भरून हसू. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं.

तेव्हाच ठरलं की आपल्या टेकडीवर अशा खुणा करायच्या. आपली टेकडीही संरक्षितच आहे, तशी पाटी आहे. तेव्हा वनखात्याच्या कचेरीतून परवानगी काढणं आलं. अर्ज, सोबत ह्यांनी स्वतः काढलेला वाटेचा नकाशा. त्यासाठी महिनाभर भिंग घेऊन बसले होते. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला बाबूने नकाशा उलटा धरून पाहिला आणि मलाच म्हणाला, “अंकल को पार्क में घुमाइए ना, दीदी.” अंकल शेजारी उभे होते. माणसाला कमी दिसायला लागलं की त्याला ऐकूही येत नाही असं लोक का धरून चालतात, हे मला कोणी समजावून सांगावं. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, भला माणूस निघाला. ऑइलपेंट नको, गेरूने करा, पावसात धुऊन जाईल, पुन्हा करा, म्हणाला.

आम्ही तेवीस दगडांवर खुणा केल्या. हाताएवढी आडवी रेघ आणि तिच्याखाली एक उभी. हे जागा सांगून रेघ ओढत, मी गेरूची वाटी धरत असे. मग पूर्ण दोन महिने हे एकटे गेले आणि एकटे आले. घरात येताना चपला दाणकन काढायचे, पूर्वी काढायचे तशा. मी पोहे टाकायचे.

एक दिवस येऊन म्हणाले, “पहिल्या दगडाला कोणी उदबत्ती लावून राहिलंय.” आम्ही हसलो. आठवड्याने त्यावर झेंडूची माळ आली. मग शेंदूर. मग नवव्या दगडाला शेंदूर. मग ज्यांच्यावर खूण नव्हतीच अशा, वाटेपासून लांबच्या दगडांना शेंदूर, कारण एकाला फळ मिळालं की दुसऱ्याला आपला वेगळा दगड हवा असतो. ताटाएवढ्या गोलात गेरू कुठला आणि शेंदूर कुठला, हे त्या माणसाने कसं ओळखायचं? आमची रेघ केव्हाच थराखाली गेली होती.

मग एके सकाळी हे एका शेंदराकडून दुसऱ्या शेंदराकडे गेले आणि उताराच्या कडेला, दोन दगडांच्या बेचक्यात जाऊन पोचले. पुढे लाल नाही, मागे वळून पाहावं तर तिथेही नाही. दोन तास हलले नाहीत. शेळ्या चारणाऱ्या एका बाईने पाहिलं आणि हात धरून खाली आणलं. लागलं काही नव्हतं. चपला हळूच काढून ठेवल्या आणि म्हणाले, “झालं आता.” दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी तरातरा टेकडीवर गेले. पहिल्या दगडापाशी घमापूर मोहल्ल्यातून येणारी एक बाई दिवा लावत होती. मी तिला काय काय नाही बोलले. दगड दिसला की फासला शेंदूर, एका माणसाची वाट पुसून टाकली, देवाला तरी पटतं का हे, सगळं. हिंदीत भांडताना माझी मराठी मध्येच येते, तीही आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दीदी, पहली पूजा तो आपने ही की थी. हमने देखा था.”

हे मी इथवर सांगितलं नाही, कारण मला लाज वाटते. खुणा करायला सुरुवात केली त्या दिवशी मी पदराआड हळदीकुंकू आणि नारळ नेला होता. आमच्या घरी नवी स्कूटर असो की मिक्सर, कुंकू लावल्याशिवाय सुरू होत नाही. फॅक्टरीत दसऱ्याला लेथ मशीनलासुद्धा लागतं. हे म्हणाले होते, “काहून करून राहिलीस हे? खूण आहे ती.” मी म्हटलं, एक मिनिटाचं काम. वाकून नमस्कारही केला, ह्यांना एकट्याने चालू दे म्हणून. बाईने पाहिलं ते एवढंच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, तिचं काय चुकलं?

घरी येऊन ह्यांना सांगितलं.  रागावले असते तर मी भांडले तरी असते.

आता टेकडीवर खुणेसाठी मी लाल शाल पांघरून पुढे चालते आणि हे मागून येतात. पहिल्या दिवशी माझ्यात नि त्यांच्यात दहा पावलं होती. मी दर वळणावर मागे बघत होते.

“बघू नकोस मागे,” हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “अजून जरा लांब चाल.”

मी अंतर वाढवलं. आता त्यांच्या पायांचा आवाज मला ऐकू येत नाही.