अर्धं हसू

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा यंत्रांना चेहरे बसवतो. रबरी कातडी, तिच्याखाली बारीक मोटारी. ओठाचं टोक केसाएवढं कमीजास्त झालं तरी ह्याला चैन पडत नाही. मी त्याला यंत्रोबा म्हणते, तोंडावर.

धाकटीला लकवा झाला आणि तोंड वाकडं झालं. तीन महिने रोज चेहऱ्याचा व्यायाम केला तर सुधारेल, नाहीतर असंच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं. पण ही बया करेल तर शपथ! आरशात बघायचं सोडलं, बोलणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून दोन महिने काढले. आम्ही समजावून थकलो. शेवटी यंत्रोबाने तिच्याच चेहऱ्याचं डोकं बनवायला घेतलं. स्वतःचं हसू बघून तरी ती हसायचा प्रयत्न करेल, एवढीच वेडी आशा.

एकदा त्याने मला कामावर फोन केला. हसताना तिच्या ओठांचं आधी कोणतं टोक वर जायचं? फोटोत हसू पुरतं झालेलं असतं, होताना दिसत नाही. जन्मभर हिला चिडवलं, हसवलं, आणि काडीचं आठवेना. लाज वाटली मला. अखेर त्याने दोन्ही टोकं एकदमच उचलली.

रविवारी डोकं तिच्यासमोर ठेवलं. ते छान हसलं.

"ही मी नाही," ती म्हणाली.

त्याने अक्षरशः हात जोडले. "मग कशी हसायचीस ते दाखव. एकदाच."

आणि त्याच्यासाठी तिने प्रयत्न केला हो. अर्धा चेहरा जागचा हलला नाही. समोरच्याची नक्कल करायची सोय ह्या डोक्यांत असते, लोकांना गंमत वाटते म्हणून. ती बंद करायला हा शहाणा घाईत विसरला होता. डोक्याने तिच्याकडे पाहिलं आणि हुबेहूब तसंच, अर्धंच हसलं.

यंत्रोबाने वायर ओढली. मोटारी जिथल्या तिथे थांबल्या, चेहरा तसाच राहिला.

ती माझ्याकडे वळली. "ताई, तू तर रोज म्हणायचीस, तोंड वाकडं झालेलं फारसं कळत नाही."

सोमवारी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, तेव्हा तिने आतून कडी लावून घेतली होती.