नव्या भाताची पंगत

भागीरथाबाईच्या हातचा भात खाल्ला नाही असा ख्रिस्ती माणूस सिंदेवाहीच्या त्या टापूत शोधून सापडला नसता. लग्न असो, नाताळ असो, चर्चच्या मागच्या अंगणात चुलीवर हंडा चढला की पदर खोचून उभी राहणार तीच. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी तिला रूथ हे नाव सुचवलं होतं. ती म्हणाली, नाव बदलून काय करू, कुणी हाक मारली तर मला कळायचंसुद्धा नाही. झालं, भागीरथा ती भागीरथाच राहिली.

बाई मोठी फटकळ. भाजीत मीठ कमी आहे असं कुणी म्हणालं तर ती मिठाचा डबाच त्याच्या पुढ्यात आदळायची. पण आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायला हीच, अन् बाळंतिणीला पेज पोचवायलाही हीच. अशी ही बाई एका माणसाच्या बाबतीत मात्र अगदी हतबल होती. तो म्हणजे तिचा थोरला भाऊ डोमा.

डोमा तळ्याच्या पलीकडच्या वस्तीत राहायचा. थोडी धानाची शेती, जोडीला तळ्यातली मासोळी. भागीरथा कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा त्यानंच तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. पुढं आईच्या आजारपणात मिशनच्या नर्सबाई घरी यायला लागल्या, भागीरथा त्यांच्यासोबत उपासनेला जायला लागली, आणि आई गेल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. डोमा भांडला नाही, तंडला नाही. फक्त तिच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. बाजारात भेटला तर ख्यालीखुशाली विचारायचा, पण तिच्या झोपडीची पायरी काही चढला नाही. यात आठ-नऊ वर्षं गेली. भांडला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

चोपन्न सालच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर पुढचे कार्यक्रम सांगितले. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा, शनिवारपासून नाताळच्या गाण्यांचा सराव, आणि येत्या रविवारी कापणीचा सण. ज्याचा हलका, लवकर पिकणारा धान निघाला असेल त्यानं नवे तांदूळ आणावेत, आणि प्रत्येकानं मंडळीबाहेरचं एक माणूस जेवायला बोलवावं. पाळकसाहेब नगरकडचे, मनानं मोठे. पंगत एक, हंडा एक, हा त्यांचा नियम.

भागीरथा दुसऱ्याच दिवशी डोमाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. त्यानं ऐकून घेतलं आणि नुसतं "पाहीन" म्हणाला. आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला.

आणि डोमा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, हातात मासोळीची टोपली. टोपली त्यानं चुलीपाशी ठेवली आणि पंगतीच्या शेवटच्या पानावर जाऊन बसला. भागीरथाला काय करू नि काय नको असं झालं. त्याच्या पानाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

वाढताना भात पळीला चिकटला. नवा तांदूळ चिकटणारच, सकाळपासून ती त्याच्या नावानं बोटं मोडत होती. पण डोमाच्या पानावर पळी झटकताना तिला एकदम आठवलं. डोमाच्या घरचं 'नवं' व्हायचं होतं. त्यांचा धान भारी, कार्तिकात निघायचा. मग नवा भात आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचा, घरातल्या प्रत्येकाचं पान मांडायचं, सगळ्यांनी मिळून जेवायचं. तोवर नव्या धानाचा दाणा कुणी तोंडात घालत नाही. हे ती लहानपणापासून पाहत आली होती आणि साफ विसरली होती.

डोमा संकोचून खाली मान घालून बसला होता, त्याचं पानाकडे लक्ष नव्हतं. वरून रस्सा पडला की भात नवा आहे हे त्याला कळलंही नसतं. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. सांगितलं तर इतक्या वर्षांनी आलेला भाऊ उठून जाईल, हे तिला दिसत होतं. तरी तिनं वाकून त्याचा हात धरला.

"भाऊ, खाऊ नोको. नवा भात हाये. तुमचं नवं झालं नाई."

प्रार्थना थांबली. डोमानं वर पाहिलं.

"मंग मले बलावलंस काऊन?"

"इसरली मी," ती म्हणाली. माहेरची रीत आपण विसरलो, ही लाज तिला सगळ्यात जास्त जाळत होती.

डोमा उठला. पाळकसाहेब काही म्हणायच्या आत तो अंगणाबाहेर पडला. पण तळ्याची वाट न धरता तो बाजूच्या झोपडीपाशी थांबला. तिच्या झोपडीपाशी.

"जुने तांदूळ असतीन नं घरात? चूल पेटव," तो तिथूनच म्हणाला.

तिनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. एक पंगत, एक हंडा हा नियम त्यांचाच होता. पण त्यांनी तिच्या हातातली पळी घेतली, म्हणाले, जा बाई, इथलं मी वाढतो.

झोपडीत तिनं भात टाकला, त्यानंच आणलेली मासोळी रांधली. डोमा भिंतीला टेकून बसला आणि पोटभर जेवला.

"नव्याच्या दिवशी तुहं पान मांडतो मी," शेवटी तो म्हणाला. "एकबी वर्ष चुकवलं नाई. मंग गाईले घालतो."

"अन् मले सांगितलं काऊन नाई?"

"तू कुठी इचारलंस? औंदा ये. तुह्या पानावर तूच बस."

भागीरथाला हुंदका आवरेना. पाळकसाहेब काय म्हणतील, मंडळी काय म्हणतील, यातलं काहीएक तिच्या मनात आलं नाही.

"येतो," ती म्हणाली.