ढगाच्या पिल्लावर साखरपुडा

"यात काही होतच नाही." घाटकोपरच्या आमच्या घरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी एखाद्या गोष्टीबद्दल तसं म्हणालं की माझं पित्त खवळतं. काही होत नाही म्हणजे काय? मारामारी होत नाही, कुणी कुणाच्या कानाखाली वाजवत नाही, एवढंच ना?

मामा बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकात, मी आठवीत असताना, त्याने आम्हाला बाहेरून टीव्ही आणि व्हीसीआर आणून दिला आणि माझ्यासाठी जपानच्या कुठल्याशा बंदरात घेतलेली कार्टूनची एक कॅसेट. एका मालिकेचे पाच भाग होते तिच्यात, सगळे जपानीत. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर ती लावली की चित्र नुसतं गडगडायचं. जपानी कॅसेटची पद्धत वेगळी, म्हणून ती चालायची फक्त आमच्या बाहेरून आणलेल्या मशीनवर.

गोष्ट अशी. एक मुलगी पाठीवर टोपली घेऊन गावोगाव चालतेय. टोपलीत ढगाचं पिल्लू, कळपातून चुकलेलं. त्याला त्याच्या डोंगरावर पोचवायचंय. एका गावात विहीर रुसलेली असते, तर ही नुसती तिच्या काठावर बसून राहते. दुसऱ्या गावात एका म्हातारीला सोबत हवी असते, तर ही दिवस मावळेपर्यंत तिच्या ओट्यावर बसते, दोघी मिळून शेंगा सोलतात, की संपला भाग. माझी मोठी बहीण, ताई, दहा मिनिटांत जांभया द्यायला लागली. बाबा म्हणाले, "यात काही होतच नाही. झोपेची गोळी आहे ही."

मला ती आवडली, पण आत्या तिच्या प्रेमातच पडली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला अक्का म्हणत. तिशीतच नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे होती. पहाटेच्या दुधाच्या बाटल्यांपासून रात्रीच्या विरजणापर्यंत घर तिच्या जिवावर चालायचं. टीव्हीवर सिनेमा लागला तरी ती दाराला टेकून, हातात फडकं घेऊन उभी. त्या दिवशी शेंगा सोलायचा भाग लागला आणि ती खाली बसली. चक्क पाय पसरून.

मग ते रोजचंच झालं. मी चारला शाळेतून यायचे. आई ऑफिसात, आणि बाबा मरोळच्या कंपनीतून सातच्या आत घरी येत नसत. चहा घेऊन आम्ही दोघी बसायचो. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून आत्याच संवाद घालायची. "थकलीस ना बाई, टेक जरा." ढगाच्या पिल्लाला ती सोन्या म्हणायची. एकदा मी विचारलं, "आत्या, तुला यात एवढं काय आवडतं गं?" ती म्हणाली, "ही एकदा बसली ना, की हिला कुणी ऊठ म्हणत नाही."

मी लहान होते, मला याचा अर्थ कळला नाही, असं म्हणून मी सुटू शकत नाही. चांगला कळला होता. आणि आमच्याच घराचा राग आला होता.

त्याच वर्षी ताईचा साखरपुडा झाला. व्हिडिओवाला म्हणाला, तुमची कॅसेट द्या, तिच्यावर उतरवून देतो. स्टेशनसमोर कोरी कॅसेट मिळत होती, घरापासून पाच मिनिटांवर. बाबांनी कपाटातली माझी ती कार्टूनची उचलून दिली. बरं, चुकून झालं म्हणावं तर तसंही नाही. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून तिच्या कडेला खाच ठेवलेली असते. त्या खाचेवर चिकटपट्टी लावल्याशिवाय मशीन टेपच करत नाही. बाबांनी ती लावली. माझ्या दप्तरातली घेऊन, कात्रीने नीट कापून.

मी थयथयाट केला. बाबा म्हणाले, "कुणाला भाषा तरी कळत होती का? आणि पन्नाशीची अक्का रोज कार्टून बघते, हे काय लोकांना सांगायचं?" म्हणजे तेही होतं तर मनात. लाज वाटत होती त्यांना, घटकाभर बसलेल्या बहिणीची लाज. आई म्हणाली, "शुभकार्य झालंय, तोंड वाकडं करू नकोस." आत्या कुकर लावायला गेली.

पंधरा दिवसांनी चार वाजता ती म्हणाली, "लाव गं ती कॅसेट." मला वाटलं, हिलाही आता साखरपुडाच गोड लागायला लागला. पण सगळा सोहळा संपला, पडद्यावर दोन पट्टे आले आणि एकदम ती मुलगी दिसली, डोंगर चढताना. शेवटच्या भागाची सात मिनिटं पुसायची राहून गेली होती. साखरपुडा बघून पाहुणे गेले, कॅसेट तशीच चालू राहिली, आणि कपबश्या गोळा करताना आत्याला ती सात मिनिटं सापडली होती. मी म्हटलं, "मग आधीचं पळवू या ना." ती म्हणाली, "नको. फीत तुटली तर एवढंही जाईल." त्या सात मिनिटांसाठी ती रोज दोन तास साखरपुडा बघायची.

आणि बाबा काय सांगत सुटले? ताईच्या सासरची माणसं आली होती. त्यांच्यासमोर म्हणाले, "आमच्या अक्काला साखरपुड्याचं भारी कौतुक. रोज बघते."

आत्या चहा देत होती. म्हणाली, "त्यात मी कुठे आहे रे?"

"असशील की कुठेतरी."

"सवाष्णींच्या कामात माझी अडचण नको म्हणून तूच मला आत ठेवलंस. मी केशरी भात ढवळत होते."

बाबांना ते झोंबलं. त्यांनी तिथल्या तिथे कॅसेट लावली आणि पळवत पळवत तिला शोधायला लागले. ओटी भरली, अंगठ्या झाल्या, पंगत उठली. आत्या कुठेच नव्हती. मी मात्र अकरा वेळा होते, नवा परकर सावरत, कॅमेऱ्याकडे बघून हसताना. रोज तिच्या शेजारी बसून मी ते सगळं बघत आले होते, आणि त्यात ती नाही हे मला एकदाही दिसलं नव्हतं.