रिकाम्या डबीत कोण बसलंय?

आता काय सांगू तुम्हाला, मी एकदा संगणकात भूत जन्माला घातलं! खोटं वाटतं? चहा घ्या, ऐका.

परदेशी मालाला देशाची दारं नुकतीच उघडलेली. हैदराबादच्या आमच्या प्रयोगशाळेत परदेशी संगणक आला. काचेतले अणू कसे बसतात, याचं गणित मी त्यावर मांडायचो. तळघरात जब्बारभाई तीच काच पत्र्याच्या छोट्या डबीत ठेवून तिच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात ते मोजायचे. दोघांचे आलेख जुळले तर संगणक आमचा, नाहीतर दुसऱ्या विभागाचा!

काचेतले अणू बेशिस्त, म्हणून आलेख मऊ टेकड्यांसारखा हवा. माझा तसाच होता. जब्बारभाईंच्या टेकड्यांतून मात्र शिस्तीत बसलेल्या अणूंसारख्या अणकुचीदार सुया वर आलेल्या!

काच बदलली. त्याच जागी त्याच सुया. पुन्हा बदलली. पुन्हा त्याच!

बिनखिडकीची खोली, लाल दिवा, यंत्राची घरघर. जब्बारभाई कुजबुजले, "हर काच में वहीच बैठा है, साब."

"कोण?"

"मेरे कू क्या मालूम? पहले खाली डबी देख लेंगे."

"नक्को जब्बारभाई, रिकामी डबी मोजायला वेळ कुठंय? उद्या रावगारू येणार!"

रावगारू म्हणजे आमचे संचालक. मग काय, मी गणितालाच पिळलं. अणूंना कवायतीसारखं रांगेत उभं केलं. सुया आल्या! तंतोतंत! तरी पाठीवरून गार काहीतरी सरकलं, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी रावगारूंनी दोन्ही आलेख पाहिले. "शाब्बास! आता रिकामी डबी मोजा."

डबी रिकामी. यंत्र घरघरलं. कागद सरकू लागला... आणि सुया! काच नाही, काही नाही, तरी तो तिथंच बसलेला!

"या अल्लाह!" म्हणत जब्बारभाईंनी डबी उलटी केली. मागच्या पत्र्यावर बोट फिरवलं. बोटाला करडी पूड.

"ये क्या है, साब?"

मी कान पकडले. "अंगारा. दसऱ्याला आईनं नल्लकुंट्याच्या देवळातून आणून दिला होता, मीच डबीला लावला... तुमच्या यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून."

डबी पुसली, काच ठेवली. मऊ टेकड्या! माझं पहिलं गणित तंतोतंत बरोबर होतं. दुसऱ्यात मी काच नव्हे, राख सिद्ध केली होती!

संगणक आमच्याकडेच राहिला. "बघ, गुण आला की नाही अंगाऱ्याचा?" आई म्हणाली.

फक्त खोलीची किल्ली जब्बारभाईंकडे गेली. दर दसऱ्याला ते दारात उभे राहून आधी माझे खिसे तपासतात, मगच कुलूप उघडतात.