नसलेल्या भिंतीच्या कडेने

वस्तीला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा नव्या चौकाच्या मधोमध उभी राहून हातवारे करत होती. "अहो, इकडून या ना! सरळ या!" स्टेशनातून बाहेर पडलेले लोक तिच्याकडे वळून बघत आणि आपल्या वाटेने निघून जात. कुणीतरी म्हणालं, "काहीतरी विकतेय वाटतं."

विकत काहीच नव्हती. मोकळ्या जागांचे आराखडे करणं हे तिचं काम, आणि हा चौक तिनेच आखलेला. पूर्वी स्टेशन आणि वस्ती यांच्या मध्ये लांबलचक भिंत होती. लोक भिंतीच्या कडेकडेने जात, टोकाच्या फाटकापाशी वळत आणि मग वस्तीत शिरत. तिने भिंत पाडायला लावली, फरशी घातली, बाक मांडले, फुलझाडांचे वाफे केले. आता नाकासमोर चाललं की घर. पण लोक तसे जातील तर शपथ! नसलेल्या भिंतीच्या कडेने एकामागे एक चालत आणि नसलेल्या फाटकापाशी वळत.

पालिकेचे साहेब येऊन बघून गेले होते. "बाई, मधला भाग असाच ओस पडणार असेल, तर पुढच्या महिन्यापासून तिथे गाड्या उभ्या करू." एवढ्या कामाची माती होणार होती, आणि का, तेच तिला उमगत नव्हतं.

वस्तीत तिची मावशी राहायची. तिने तिलाच गाठलं.

"मावशी, तू मधून का येत नाहीस गं?"

"छे, उघड्यावर पडल्यासारखं वाटतं."

"कडेनंही उघडंच आहे की! भिंत कुठे आहे आता?"

"नाहीये ते दिसतंय मला. आंधळी आहे का मी?" मावशी वैतागली. "पण भिंतीच्या कडेनं गेलं की बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी दोघी गप्पा मारत स्टेशनाकडून घरी निघाल्या. चालता चालता मावशीने तिला कोपराने ढोसलं. "बघ, तूही वळलीस फाटकापाशी!"

खरंच वळली होती. आपल्याच पायांकडे ती बघत राहिली.

शेवटी दुसरं काही सुचेना, म्हणून तिने भिंतीच्या जागी ओळीने मोठी वाढलेली झाडं लावून घेतली. कड हवी ना तुम्हाला? घ्या कड!

झाडं लागली मात्र, लोक मधून जायला लागले. वाफ्यांना वळसा घालत, बाकांवर पिशव्या टेकवून दम खात.

"हे आधीच का नाही केलंत?" साहेबांनी विचारलं. तिने पुन्हा मावशीला गाठलं आणि विचारलं, आता मधून कशी येतेस?

"अगं, झाडं आली ना आता!"

"पण ती तर बाजूला आहेत."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

गाड्यांचा विषय मागे पडला. ती आता मावशीच्या शेजारच्याच खोलीत राहते. रोज सकाळी स्टेशनावर जाते, फाटक होतं तिथे वळून, झाडांच्या कडेकडेने. त्या बाजूने जाणारं आता दुसरं कुणी नसतं.